शेजारी शाळा येतेय आणि दारात पिटिशन आलंय

न्यू जर्सीतल्या एका उपनगरातून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी एक जुनं चर्च आहे, ते काही वर्षांपासून बंद आहे. आता एका धार्मिक संस्थेला त्या साडेचार एकरांच्या जागेत आठवीपर्यंतची शाळा काढायची आहे, सुमारे २२० मुलांची. भाग निवासी झोनमधला असल्यामुळे संस्थेने टाउनशिपच्या झोनिंग बोर्डाकडे ‘यूज व्हेरिअन्स’, म्हणजे तिथे शाळा चालवण्याची खास परवानगी, मागितली आहे. गल्लीतल्या लोकांनी ‘अर्ज फेटाळून लावा’ असं पिटिशन काढलं आहे. ते घेऊन आलेली शेजारीण साधीसुधी ओळखीची नाही. या भगिनी धाकट्या मुलीच्या वेळी दवाखान्यात होत्या तेव्हा थोरल्याला तिनेच दोन रात्री सांभाळलं होतं. गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज फिरतो आहे: “सुनावणीत फक्त ट्रॅफिकचं बोला, बाकी काही बोलू नका.” नवरा म्हणतो, “आपण या भानगडीत पडायचं नाही.” या भगिनी स्वतः रविवारच्या मराठी शाळेत शिकवतात. ती शाळा भाड्याच्या वर्गांत भरते आणि त्यांचं मंडळ स्वतःची जागा शोधत आहे. त्या विचारतात: “सही केली तर मनाला खातं, नाही केली तर शेजार तुटतो. आणि धार्मिक संस्थांच्या पाठीशी एवढा मोठा कायदा उभा आहे म्हणतात, मग आम्ही बोलून तरी काय उपयोग?”

तुमच्या पत्रात शाळा कुठल्या धर्माची आहे ते स्पष्ट लिहिलेलं होतं. वरच्या सारांशातून ते मी काढून टाकलं. तुमची ओळख पटू नये हे एक कारण. दुसरं कारण असं, की उत्तर लिहायला बसताना मी स्वतःला एक अट घातली: शाळा कुणाचीही असो, या उत्तरातलं एक अक्षरही बदलता कामा नये. कुठे बदलावंसं वाटलं तर माझं काहीतरी चुकतंय असं समजायचं. बोर्डासमोर उभं राहण्याआधी तुम्हीही हीच अट स्वतःला घालून बघा. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यातच मिळेल.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. ‘सकाळचं ट्रॅफिक’ त्यात दोन ठिकाणी आहे आणि ‘ती माणसं’ पाच ठिकाणी. तुम्हाला कोंडीत पकडायला मी हे सांगत नाही. तुम्ही मनापासून लिहिलंत, म्हणून ते कागदावर उतरलं. तुमची मुलगी त्याच कोपऱ्यावर बसची वाट बघत उभी राहते आणि आठच्या सुमाराला तिथे गाड्यांची रीघ लागणार, ही काळजी अगदी खरी आहे, ती कुठल्याही आईला वाटेल. पण ‘फक्त ट्रॅफिकचं बोला’ असं जेव्हा कुणी आवर्जून सांगतं, तेव्हा न बोलण्यासारखं दुसरं काहीतरी आहे हेही त्यातून कळतं. मग तुमची खरी काळजी त्या दुसऱ्या गोष्टीवरचं पांघरूण होऊन बसते. तुमच्या मनाला खातंय ते हेच, असं मला वाटतं.

एका टाउनशिपच्या प्लॅनिंग खात्यात मी २३ वर्षं काम केलं. शाळा, चर्च, मशीद, देऊळ, सिनेगॉग, सगळ्यांच्या फाइली हाताखालून गेल्या आणि सुनावण्यांच्या कितीतरी रात्री मी मागच्या खुर्चीवर बसून काढल्या. म्हणून आधी कायद्याचं बोलते, कारण तुमच्या ग्रुपवर कायद्याबद्दल दोन टोकांची मतं दिसतात आणि दोन्ही चुकीची आहेत.

एक मत असं: निवासी भाग आहे, टाउनशिपने नाही म्हटलं की विषय संपला. दुसरं असं: धर्माचं नाव लावलं की कुठेही काहीही बांधता येतं, टाउनशिपचे हात बांधलेले आहेत.

अमेरिकेत धार्मिक शाळा चालवण्याचा हक्क आणि कुठे काय असावं हे ठरवण्याचा गावाचा हक्क, हे दोन्ही जवळजवळ जुळ्या भावंडांसारखे जन्मले. १९२५ साली सुप्रीम कोर्टाने ओरेगनच्या एका खटल्यात निकाल दिला की मुलांना सरकारी शाळेतच घाला अशी सक्ती राज्याला करता येणार नाही. तो दावा लढवणाऱ्यांत कॅथलिक जोगिणींची संस्था होती. पुढच्याच वर्षी, १९२६ साली, ओहायोतल्या युक्लिड गावाच्या खटल्यात त्याच कोर्टाने झोनिंगला मान्यता दिली: घरं कुठे, दुकानं कुठे, कारखाने कुठे हे गावाने ठरवणं घटनेत बसतं. धार्मिक शाळा असण्याचा हक्क आहे आणि कुठे काय असावं हे ठरवण्याचा गावालाही हक्क आहे. ही दोन वाक्यं एकमेकांना जिथे धडकतात, तिथे आज तुमच्या गल्लीचा कोपरा आहे.

ही धडकही आजची नाही. मॅसॅच्युसेट्समधल्या डोव्हर गावाने निवासी भागात धार्मिक शाळांना बंदी घालणारा नियम केला होता. त्यावर १९५० साली राज्याच्या विधिमंडळाने कायद्यात दुरुस्ती केली. आजही ती ‘डोव्हर अमेंडमेंट’ म्हणूनच ओळखली जाते. धार्मिक आणि शैक्षणिक वापराला तिथे गावाला बंदी घालता येत नाही. पण इमारतीची उंची, रस्त्यापासूनचं अंतर, मोकळी जागा, पार्किंग याबद्दल वाजवी नियम लावता येतात. पंचाहत्तर वर्षांपूर्वी काढलेली ही वाट मला अजूनही शहाणपणाची वाटते: ‘येऊ नका’ म्हणायचं नाही, ‘या, पण असे या’ म्हणायचं.

तुमच्या पत्रातला ‘मोठा कायदा’ म्हणजे २००० सालचा केंद्रीय कायदा, रिलिजस लँड यूज अँड इन्स्टिट्यूशनलाइझ्ड पर्सन्स अ‍ॅक्ट. वकील मंडळी त्याला ‘आरलूपा’ म्हणतात. त्यातल्या दोन गोष्टी तुमच्या कामाच्या आहेत. पहिली: जमिनीच्या नियमांमुळे एखाद्याच्या धर्माचरणावर मोठं ओझं पडत असेल, तर सरकारकडे त्यासाठी अत्यंत निकडीचं कारण हवं आणि कमीत कमी जाच होईल असाच मार्ग त्याने निवडलेला हवा. दुसरी: धार्मिक संस्थेला तशाच बिगरधार्मिक संस्थेपेक्षा वाईट वागणूक देता येत नाही. झोनिंग मोडीत काढा असं हा कायदा कुठेही म्हणत नाही.

निकाल पाहिले की हे नीट कळतं. न्यूयॉर्कजवळच्या ममारोनेक गावात वेस्टचेस्टर डे स्कूल नावाची ऑर्थोडॉक्स ज्यू शाळा आहे. तिला आपल्याच आवारात इमारत वाढवायची होती. २००३ साली झोनिंग बोर्डाने ट्रॅफिक, पार्किंग वगैरे कारणं देऊन अर्ज साफ फेटाळला. प्रकरण केंद्रीय अपील कोर्टापर्यंत गेलं आणि २००७ साली शाळा जिंकली. का जिंकली हे महत्त्वाचं आहे. दिलेल्या कारणांना पुराव्याचा आधारच नव्हता असं कोर्टाला दिसलं. खऱ्या अडचणी असत्या तर अटी घालून परवानगी देता आली असती, बोर्डाने तेही केलं नाही.

आता दुसरी बाजू. ओहायोतल्या अप्पर आर्लिंग्टन शहरात ट्री ऑफ लाइफ नावाच्या ख्रिश्चन शाळेने २०१० साली एक प्रचंड रिकामी ऑफिस इमारत विकत घेतली. तो भाग ऑफिसांसाठी राखीव होता, कारण तिथे काम करणाऱ्यांच्या आयकरावर शहराचा खर्च चालतो. शहराने परवानगी दिली नाही. सात-आठ वर्षं खटला चालला. २०१८ साली अपील कोर्टाने शहराच्या बाजूने निकाल दिला आणि पुढच्या वर्षी सुप्रीम कोर्टाने प्रकरण ऐकायला नकार दिला. शाळा हरली. मिशिगनमधल्या जिनोआ टाउनशिपमध्येही २०१७ साली एक ख्रिश्चन शाळा हरली. तिच्याकडे वापरण्याजोगी दुसरी जागा होती, त्यामुळे ही जागा नाकारल्याने धर्माचरणावर मोठं ओझं पडतं हे कोर्टाला पटलं नाही.

आणि तुमच्याच राज्यातलं प्रकरण तुमच्या शेजाऱ्यांना जरूर सांगा. ते शाळेचं नाही, मशिदीचं आहे. बर्नार्ड्स टाउनशिपमध्ये मशिदीचा अर्ज २०१२ साली आला. ३९ सुनावण्या झाल्या. १५० माणसांसाठी नियमानुसार ५० गाड्यांची जागा पुरेशी होती, पण या अर्जासाठी बोर्डाने १०७ मागितल्या. तीन खुर्च्यांमागे एक गाडी हा चर्चचा हिशोब मशिदीला लावला नाही. शेवटी २०१५ साली अर्ज फेटाळला गेला, मग संस्थेने दावा केला, केंद्र सरकारच्या न्याय खात्यानेही केला. २०१७ साली टाउनशिपने ३२ लाख ५० हजार डॉलरवर तडजोड केली आणि मशिदीला वाट मोकळी करून दिली. पार्किंग हा विषय खोटा नव्हता, पण एकाला लावलेली फूटपट्टी दुसऱ्याला लावली नाही, तिथेच सगळं फसलं.

म्हणजे ‘बोलून काय उपयोग’ या तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं: उपयोग आहे, पण काय बोलता आणि काय मागता यावर तो ठरतो.

न्यू जर्सीत तर अटींची वाट कायद्यानेच आखून दिली आहे. शाळांसारख्या वापराला इथली कोर्टं ‘मुळातच समाजोपयोगी’ मानतात. अशा अर्जाचा तोल कसा साधायचा हे १९९२ साली राज्याच्या सुप्रीम कोर्टाने ‘सिका’ खटल्यात सांगून ठेवलं. आधी या वापराने लोकांचं कोणतं हित साधतं ते पाहायचं. मग शेजारपाजाऱ्यांना काय त्रास होणार ते पाहायचं. तिसरी पायरी तुमची: वाजवी अटी घालून तो त्रास किती कमी करता येईल ते बघायचं. त्यानंतर उरलेला त्रास आणि होणारा फायदा तराजूत घालायचा. झोनिंगसाठी सरकारी शाळा आणि मान्यताप्राप्त ना-नफा खासगी शाळा यांच्यात भेदभाव करायचा नाही, असंही इथला कायदा सांगतो. मग तुमच्या डोक्यातला शेजारधर्माचा प्रश्न असा मांडा: याच जागेवर २२० मुलांची सरकारी शाळा आली असती, तर मी काय मागितलं असतं? जे मागितलं असतं ते आजही बिनधास्त मागा. जे मागितलं नसतं ते आजही मागू नका.

आता सहीबद्दल. माझं स्पष्ट मत आहे की या मजकुरावर सही करू नये, आणि त्यातली दोन कारणं नुसती व्यवहाराची आहेत. झोनिंग बोर्ड सुनावणी घेतं तेव्हा ते कोर्टासारखं वागतं. साक्ष शपथेवर होते आणि साक्षीदाराला उलट प्रश्न विचारता येतात. सह्यांच्या कागदाला प्रश्न विचारता येत नाही, म्हणून बोर्डाचे वकील तो सहसा बाजूला ठेवायला लावतात. दोनशे सह्यांच्या चळतीपेक्षा समोर उभं राहून आपल्या ड्राइव्हवेबद्दल बोलणारं एक माणूस तिथे जास्त मोलाचं ठरतं. दुसरं, पिटिशनमध्ये मागणी एकच आहे: फेटाळा. तुमचं म्हणणं वेगळं आहे. तुम्हाला मुलगी सुखरूप बसमध्ये चढायला हवी आहे. त्या कागदावर मुलीचा थांबा कुठेच नाही.

तिसरं कारण तुमच्या मंडळाचं. पिटिशनमधलं “निवासी भागात कुठल्याही संस्थेचा वावर नको” हे वाक्य तुम्ही मला उतरवून पाठवलंत. उद्या तुमच्या मंडळाला एखादी जुनी इमारत परवडली आणि रविवारी सकाळी ऐंशी मुलं बाराखडी म्हणायला तिथे येऊ लागली, तर शेजारचा माणूस हेच वाक्य घेऊन उभा राहील. त्या दिवशी त्याला काय उत्तर द्याल, ते आज सही करण्याआधी ठरवा.

घराचा भाव पडेल आणि गावाचा कर बुडेल, ही दोन कारणं मी थोडक्यात उरकते. भावाबद्दल शेजाऱ्याचं मत बोर्डासमोर टिकत नाही, त्यासाठी मूल्यांकन करणारा तज्ज्ञ साक्षीला लागतो. आणि कराचं म्हणाल तर चर्च चालू होतं तेव्हाही त्या जागेवर मालमत्ता कर नव्हता.

गप्प बसावं का? नवरोबांचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात ते असतं: आपण इथले नाही, व्हिसा-ग्रीनकार्डचं चाललंय, कशाला पुढे पुढे करायचं? पण सुनावणीत बोलण्यासाठी नागरिकत्व लागत नाही. ज्याच्या जागेच्या वापरावर परिणाम होऊ शकतो त्याला कायद्याने बोलता येतं. तुमचं घर २०० फुटांच्या आत आहे, म्हणूनच तुम्हाला सर्टिफाइड मेलने नोटीस आली. गप्प राहिलात तरी काही अपराध होणार नाही. पण त्या कोपऱ्यावरच्या बसच्या थांब्याबद्दल तुमच्याशिवाय दुसरं कोणी बोलणार आहे का? ग्रुपवरच्या सगळ्या मेसेजमध्ये, तुम्ही पाठवलेत त्यात तरी, त्या थांब्याचा उल्लेख एकदाही नाही.

म्हणून मी म्हणते, बोला. तुमच्या स्वतःच्या नावाने, तुमच्या कोपऱ्यापुरतं. कसं ते सांगते.

मला एक रात्र आठवते. खासगी शाळेचाच अर्ज होता. साडेदहा वाजून गेले होते. तीन तास लोक तावातावाने बोलत होते, बोर्डाचे सदस्य घड्याळाकडे बघत होते. मग स्वेटर घातलेले एक आजोबा उठले आणि त्यांनी खिशातून छोटी वही काढली. सलग पाच दिवस सकाळी त्यांनी आपल्या ओट्यावर बसून गाड्या मोजल्या होत्या. वहीत रकाने आखले होते: वेळ, मुख्य रस्त्यावरून आलेल्या गाड्या, डावीकडे वळायला थांबलेल्या गाड्या, सगळ्यात जास्त थांबलेली गाडी किती सेकंद. ते फक्त वाचत गेले. बोर्डाच्या इंजिनिअरने ते पान पुरावा म्हणून दाखल करून घ्यायला सांगितलं. त्या शाळेला परवानगी मिळाली, पण सकाळच्या वेळी त्या फाट्यावरून डावीकडे वळायला बंदी, ही अट निर्णयात उतरली ती त्या वहीमुळे. आजोबा शाळेच्या बाजूने की विरोधात, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

तुमची वही अशी भरा. आधी म्युनिसिपल ऑफिसात जाऊन अर्जाची फाइल बघा. नकाशे आणि कागदपत्रं सुनावणीच्या निदान दहा दिवस आधी लोकांना बघायला ठेवावीच लागतात. त्यात ट्रॅफिक स्टडी असेल. त्यातला गाड्यांचा एकूण आकडा बाजूला ठेवा आणि रांग शोधा. मुलांना सोडायला आलेल्या किती गाड्या एका वेळी उभ्या राहतील आणि त्या कुठे उभ्या राहतील? रांगेतल्या एका गाडीला साधारण २० ते २५ फूट लागतात. एका वेळी ३५ गाड्या असतील तर ७०० ते ८७५ फूट. चर्चचा जुना ड्राइव्हवे तेवढा लांब आहे का, की रांगेचं शेपूट तुमच्या गल्लीत येणार? सकाळपेक्षा दुपारची सुटी जास्त त्रासाची असते हेही लक्षात ठेवा. सकाळी पालक मुलाला सोडून निघून जातात, दुपारी मात्र अर्धा तास आधी येऊन उभे राहतात. स्टडी फक्त सकाळचा असेल तर तोच तुमचा पहिला प्रश्न.

मग किती मुलं बसने येणार ते विचारा. न्यू जर्सीत ना-नफा खासगी शाळांच्या मुलांनाही, धार्मिक शाळा धरून, ठरावीक अटींत बसची सोय किंवा त्याऐवजी पालकांना पैसे मिळतात. त्यामुळे हा प्रश्न अवाजवी नाही, आणि उत्तरावरून गाड्यांचा हिशोब पार बदलतो. मुलांच्या संख्येवर कमाल मर्यादा मागा, म्हणजे २२०चे पुढे ४०० होताना पुन्हा बोर्डाकडे यावं लागेल. शाळेची सुरुवात तुमच्या मुलीच्या बसच्या वेळेपासून वीस-पंचवीस मिनिटं पुढे-मागे ठेवा म्हणावं. प्रवेश मुख्य रस्त्याने, गल्लीकडचं फाटक फक्त आगीच्या बंबासाठी. रात्रीचे दिवे, कुंपणालगत झाडांची दाट ओळ, वर्षातून संध्याकाळचे मोठे कार्यक्रम किती, हेही विचारता येईल. वर्षभराने ट्रॅफिक पुन्हा मोजून अहवाल द्यावा, ही अट मला सगळ्यात आवडते, कारण कागदावरचे अंदाज आणि रस्ता यांत नेहमी फरक पडतो.

काय शिकवतात, सुट्या कोणत्या देतात, मुलं काय घालतात, शिक्षक कुठून येतात, हे तुमच्या वहीत नको. तो बोर्डाचा विषय नाही. सुनावणीतलं बोलणं नोंदवून ठेवलं जातं. पुढे दावा झालाच तर ते कोर्टासमोर येतं, बोर्डाच्या सदस्यांचे ईमेलही येतात. द्वेषाचं एक वाक्य तुमच्या दहा खऱ्या वाक्यांची किंमत घालवतं. आणि बोर्डावरच्या कुणाशी ओळख असली तरी त्याला बाहेर गाठून या अर्जाबद्दल बोलू नका. न्यायाधीशाला बाहेर भेटण्यासारखंच आहे ते.

एक काम सुनावणीच्याही आधीचं आहे, आणि बहुतेक जण ते टाळतात: शाळेच्या लोकांना भेटा. नोटिशीवर अर्जदाराचं किंवा त्यांच्या वकिलाचं नाव असतं, तिथून सुरुवात करा. “माझी मुलगी या कोपऱ्यावर ८ वाजून ५ मिनिटांनी उभी असते, तुमच्या गाड्या किती वाजता येणार?” एवढंच विचारा. शंभरातल्या नव्वद अर्जदारांना असा शेजारी हवाच असतो, कारण त्यांनी आपणहून मान्य केलेली अट बोर्डाला पटकन मंजूर करता येते. शिवाय ‘ती माणसं’ एकदा टेबलापलीकडे बसली की ती कुणाचीतरी आई, कुणाचातरी मुख्याध्यापक होतात. आकडे काहीही असोत, याने तुमच्या मनाला थोडं कमी खाईल.

आता शेजारणीचं. पत्रातला हा भाग वाचताना माझाही जीव अडकला. दोन रात्री जिने तुमचं पोर सांभाळलं, तिला दारातून परत कसं पाठवायचं? तुमचं गृहीतक असं दिसतं की तिने सही मागितली म्हणजे तिला तुमची सहीच हवी आहे. मला वाटतं तिला सोबत हवी आहे. रस्ता बदलणार, गल्ली बदलणार, याची धास्ती तिलाही आहे. म्हणून मेसेज करू नका, तिच्याकडे जाऊन बसा. सांगा: “या कागदावर मी सही करणार नाही, कारण मला ती शाळा बंद पाडायची नाही. पण आपल्या कोपऱ्याची काळजी मला तुझ्याइतकीच आहे. मी सुनावणीला येणार आहे आणि बोलणार आहे. मंगळवारी सकाळी माझ्याबरोबर गाड्या मोजायला उभी राहशील?” ‘सही कर किंवा जा’ म्हणणारी ती असेल असं तुमच्या पत्रावरून वाटत नाही. चार दिवस रुसली तर रुसू द्या. दोन रात्री पोर सांभाळण्याचं ऋण न पटणारी सही करून फिटत नाही, आणि तिने तशी परतफेड कधी मागितलीही नसेल.

गाड्या मोजताना कधीतरी तिने ‘ती माणसं’ म्हटलं, तर तिथे गप्प राहू नका. वाद घालायची गरज नाही. “हीच सरकारी शाळा असती तर आपण काय मागितलं असतं?” एवढं विचारा. मी टेबलापलीकडच्या कितीतरी लोकांना हे विचारलं आहे. काही चिडून निघून गेले. काही जण खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, बरं, मग ड्राइव्हवेचं बघू.

तुमच्या मंडळासाठी, आणि देऊळ, बालविहार, शाळा यांसाठी जागा शोधणाऱ्या बाकीच्या वाचकांसाठीही थोडं लिहिते, कारण आज ना उद्या तुम्ही टेबलाच्या त्या बाजूला बसणार आहात. जागा आवडली म्हणून आधी पैसे मोजू नका. झोनिंगची मंजुरी मिळाली तरच व्यवहार पक्का, अशी अट खरेदीच्या करारात घालून घ्या. ट्री ऑफ लाइफने इमारत आधी घेतली आणि मग वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढल्या. अर्ज करण्याआधी आसपासच्या घरांना बोलावून नकाशा दाखवा. मुलांची संख्या खरी सांगा, पाच वर्षांनंतरचीही. आणि पहिल्याच भेटीत केंद्रीय कायद्याचा धाक घालू नका. तो कायदा खिशात असू द्या, लागला तर वकील काढेल. एकदा तो टेबलावर आला की समोरचा माणूस शेजारी राहत नाही, पक्षकार होतो.

तुमच्या सुनावणीबद्दल शेवटचं. यूज व्हेरिअन्सला बोर्डाच्या सातपैकी पाच मतं लागतात, त्यामुळे अर्जदार घाई करत नाहीत आणि प्रकरण दोन-तीन रात्री चालू शकतं. आधी शाळेचे तज्ज्ञ बोलतील: इंजिनिअर, ट्रॅफिकवाला, प्लॅनर. प्रत्येकाचं झालं की लोकांना त्याला प्रश्न विचारायची संधी असते, तेव्हा फक्त प्रश्न विचारा. ट्रॅफिकच्या तज्ज्ञाला ड्राइव्हवेची लांबी आणि दुपारच्या गाड्या विचारायच्या त्या तेव्हाच. तुमचं स्वतःचं म्हणणं त्यानंतर, शपथ घेऊन, नाव आणि पत्ता सांगून. तीन-चार मिनिटं पुष्कळ झाली. वहीच्या पानाची एक प्रत बोर्डाला द्यायला बरोबर ठेवा. आणि निघण्याआधी त्या दिवशी दुपारी म्युनिसिपल ऑफिसला फोन करा. सुनावणी पुढे ढकलली तर नवी तारीख तिथल्या तिथे जाहीर करतात आणि सहसा घरी दुसरी नोटीस येत नाही. ती तारीख लिहून घ्या, शेजारणीलाही सांगा.